टोकाच्या वस्तीची वीज

सर,

मी आपला नागपूरच्या कॉलेजातला कॉस्टिंगचा विद्यार्थी, पहिल्या बाकावर बसून वाद घालणारा. आता पन्नाशी ओलांडली आहे. आयर्लंडमधल्या एका वीजवितरण कंपनीत खर्चाचे विश्लेषण करणारा विभाग माझ्याकडे आहे आणि डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकनमध्ये मी राहतो. आपल्याला जाऊन बरीच वर्षे झाली. तरी या हिवाळ्यात जे घडले ते आपल्यालाच सांगायचे आहे, कारण त्याची सुरुवात आपल्या एका कानउघाडणीत आहे.

आपण मला पिठाच्या एका गिरणीचा अभ्यास दिला होता. दोन चक्क्या होत्या. एक सतत चालणारी, दुसरी बहुतेक दिवस झाकून ठेवलेली. दुसरी विकून टाकावी, असा निष्कर्ष मी ठामपणे मांडला. आपण विचारलेत, "गिरणी पाहिलीत?" मी म्हणालो, "आकडे पुरेसे होते, सर." "मग आकड्यांनाच दळायला पाठवा," आपण म्हणालात. "उद्या तिथे जाऊन बसा." मी जाऊन बसतो. एकादशीचा आदला दिवस आहे. झाकलेली चक्की सुरू झाली आहे आणि तिच्यापुढे राजगिरा, भगर घेतलेल्या बायकांची रांग आहे. पहिली चक्की मोकळी असताना इथे ताटकळता कशाला, असे मी एका बाईंना विचारतो. त्या शेजारणीकडे वळतात. "ऐकलं का वं? भाऊ म्हणतात, गव्हाच्या चक्कीत उपासाचं दळा! यायच्या घरी कोणी उपास करत नाही वाटते." सगळी रांग हसते. त्या दिवसापासून मी पाहिल्याशिवाय काहीही बंद करायला सांगितलेले नाही.

आता इथले सांगतो. या देशाच्या वायव्य टोकाला, डोनेगलमध्ये, समुद्रात घुसलेल्या एका भूशिरावर अकरा घरांची वस्ती आहे. तिथे वीज नेणारी लाकडी खांबांची एकच लाइन मैलोगणती दलदल ओलांडून जाते. दलदलीत खांब कलतात, समुद्राचा खारा फवारा चिनीमातीच्या इन्सुलेटरवर साचून वीज तुटते, आणि वारा असा की दुरुस्तीला शिडी लावणेही कठीण. इतक्या लांबच्या लाइनीचा खर्च अकरा ग्राहकांच्या बिलातून कधीच निघत नाही. नोव्हेंबरच्या वादळात ती आडवी झाली. माझ्या विभागातल्या एका हुशार मुलीने टिपण तयार केले : मीटरवरचा वापर नगण्य, म्हणजे ही सुट्टीची घरे, दुरुस्ती उन्हाळ्यापर्यंत थांबवावी. तर्क चुकीचा नव्हता. हल्ली पैसा आला आहे आणि शहरातल्या लोकांनी किनाऱ्यावर घरे घेऊन ठेवली आहेत. परंतु सुट्टीचे घर हिवाळ्यात पूर्ण बंद असते. इथे प्रत्येक घरात थोडी थोडी वीज बाराही महिने जळत होती. मी सही केली नाही. जाऊन पाहतो म्हणालो.

"लाइन तोट्यात आहे हे इथे बसूनही दिसतं," आमचे संचालक म्हणाले. "तिथं पावसात काय पाहणार?"

"गिरणी," मी म्हणालो.

त्यांना काही कळले नाही. "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', एवढेच म्हणून त्यांनी परवानगी दिली.

मी पोहोचलो तेव्हा दुपारीच अंधारून आले होते. पहिले दार ठोठावले, उत्तर नाही. दुसरे, तिसरे, तेच. सोबतचा लाइनमन म्हणाला, "तुमच्या डब्लिनवाल्यांचं खरं दिसतंय." अगदी टोकाच्या घरात मात्र मेणबत्ती दिसली. दार उघडले, तर सगळी वस्ती आत, शेगडीभोवती. "आत या आणि दार लावा आधी, ऊब पळतेय," घरच्या म्हाताऱ्या बाई ओरडल्या. मी ओळख करून दिली आणि कंपनीच्या दप्तरी ही सुट्टीची घरे आहेत, हे स्पष्ट सांगितले.

"सुट्टी!" म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "माझी सुट्टी ऐंशी वर्षं चाललीय म्हणायची. एक दिवस आराम मिळाला नाही!"

हिवाळ्यात संध्याकाळ झाली की सगळ्यांनी एका घरी जमायचे, आज इथे, उद्या पलीकडे, अशी तिथली जुनी रीत आहे. एक दिवा, एक शेगडी. बाकीची दहा घरे अंधारात. स्वयंपाक दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून केलेल्या इंधनावर. मीटर काय दाखवणार? विजेवाचून त्यांचे खरोखर अडले होते ते पाण्यासाठी, कारण विहिरींचे पंप बंद होते. सत्तरीची माणसे ओढ्यावरून बादल्या चढवीत होती. "चहा पूर्ण संपवा," माझ्या हाती कप देत म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "त्याचं पाणी फार लांबून आलंय."

परत येऊन मी नवे टिपण लिहिले. ही लाइन तोट्यात आहे आणि तोट्यातच राहील. परंतु ही अकरा कुटुंबांची कायमची घरे आहेत, आणि कायमच्या घराची वीज उन्हाळ्यापर्यंत थांबवता येत नाही. संचालकांनी ते दोनदा वाचले. "तोटा जरा कमी दाखवला असतात, तर मंजुरी सोपी गेली असती."

"तो तेवढाच आहे," मी म्हणालो. "आणि तेवढा सोसूनच लाइन उभी करायची आहे."

नाताळापूर्वी ती उभी राहिली. खांब आता कमी अंतरावर रोवले आहेत आणि खारा वारा सोसणारे इन्सुलेटर बसवले आहेत. पुढच्या वादळात ती पुन्हा पडू शकते, हे मला ठाऊक आहे. पडली तर मी पुन्हा तेच लिहीन.

हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. पुरवठा नीट आहे ना, हे विचारायला मी कधीकधी संध्याकाळी त्या म्हाताऱ्या बाईंना फोन करतो. ते माझे काम नव्हे. त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. शिवाय त्या वेळी त्या बहुधा दुसऱ्या कुणाच्या शेगडीपाशी असतात, हेही मला माहीत आहे. फोन बराच वेळ वाजत राहतो, कोणी उचलत नाही, आणि मी समाधानाने ठेवून देतो.

आपला विद्यार्थी
ल्यूकन, फेब्रुवारी २००७