पॅलाडिनमंदी चोर मिसळू नको

तृप्ती,

मी भंडाऱ्याले कोर्टात साक्ष द्यायले जाऊन राहिलो. भात कुकरमंदी आहे. आईनं विचारलं तर दादा शेतात गेला म्हण.

गेम चालूच ठेवला आहे. आपल्या पॅलाडिनची, त्या धर्माची शपथ घेतलेल्या योद्ध्याची, लेवल वाढली, ती पॅलाडिनचीच घे. लपता यावं म्हणून तुले त्याच्यात चोराच्या लेवल मिसळायच्या आहेत, पण तसं करू नको. शपथ घेतलेला माणूस अर्धा चोर झाला का कोणाच्याच कामाचा राहात नाही.

मामाजी काल मले तेच शिकवून राहिले होते. कोतवालाच्या अंगावर रेतीचा टिप्पर घातला ते सांग, पण धुळीत ड्रायव्हर दिसला नाही म्हण. मले तर तो चांगला दिसला, आणि त्यानंही मले पाहिलं.

बसस्टॉपवर सकाळपासून दोघं जण उभे आहेत, म्हणून मी बांधावरून जातो.

गेममंदी तू एक गोष्ट नेहमी विसरते. आपली बारी संपली का समोरच्याची येते. माही बारी आज कोर्टात संपते. मंग कोणी माहं नाव सांगितलं तरी दार उघडू नको.

— दादा