दहापैकी दहा

९ मार्च, रविवार. विमानात.
निघालो एकदाचे! सात दिवस समुद्र, वाइन आणि संपूर्ण आराम. लग्नाला बावीस वर्षं झाली, दोघंच परदेशात जाण्याची ही पहिलीच वेळ.

खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहायला हरकत नाही. हिला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये प्रमोशन आलंय. नव्या लॅबची प्रमुख, पण दुसऱ्या शहरात. रेल्वेने नऊ तास. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. ही म्हणाली, सहलीला जाऊन शांतपणे ठरवते. मी म्हणालो, अगदी शांतपणे ठरव. ही नाहीच म्हणणार आहे. अशा सहलीनंतर तर प्रश्नच नाही. मला काडीचं टेन्शन नाही.

आरामाचा तक्ता तयार आहे. प्रत्येक दिवसाला एक ओळ: समुद्र इतका वेळ, वाइन इतका वेळ, गप्पा इतका वेळ. रोज संध्याकाळी हिने दिवसाला दहापैकी गुण द्यायचे, शेजारी शेरा. आकडे समोर असले की माणूस भावनेच्या भरात निर्णय घेत नाही. पंख्यांच्या कारखान्यात अठरा वर्षं क्वालिटी बघतोय, उगाच नाही. गेल्याच महिन्यात एका तपासनिसाला मेमो दिला. पठ्ठ्याने सोमवारी सकाळीच आख्ख्या आठवड्याचं रजिस्टर भरून टाकलं होतं, सगळीकडे दहा. मालाकडे न बघता दहा देणारा मला शंभर फुटांवरून कळतो.

हिने तक्ता वाचला. माझं पेन मागून घेतलं. मग तक्त्याची घडी घालून पुस्तकात ठेवली. किती जपते!

ता.क. घड्याळ घरच्याच वेळेवर ठेवलंय. शरीराचा उगाच गोंधळ नको.

१० मार्च, सोमवार. संध्याकाळी.
खोली झकास. गॅलरीतून समोर समुद्र. फक्त छताचा पंखा डुगडुगत होता. मी रजेवर आहे, त्यामुळे दुर्लक्ष केलं. वीस मिनिटं केलं. पात्यावर नाणं चिकटवून तोल साधायचा, साधं काम. पलंगावर खुर्ची ठेवून चढलो. पातं हातात आलं.

आधी मॅनेजर आला, मग दुरुस्तीवाला, मग परत मॅनेजर. आम्हाला दुसरी खोली मिळाली. या खोलीच्या गॅलरीतून गाड्यांचं पार्किंग दिसतं. पण पंखा अजिबात डुगडुगत नाही. हे मी हिला दाखवून दिलं. म्हणाली, हो, दिसतंय.

सामान हलवण्यात समुद्रावरचा फेरफटका राहिला. तरी गुण विचारले. म्हणाली, दहा. पहिल्याच दिवशी!

११ मार्च, मंगळवार.
ऊन खाणे: वीस मिनिटं उताणं, वीस मिनिटं पालथं. आधी पालथा झालो. गजर अकरा वीसचा लावला, मनगटावरच्या घड्याळात. त्या घड्याळात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. अडीच तासांनी जीवरक्षकाने हलवून उठवलं.

ही किनाऱ्याने लांबवर चालून आली होती. मी हिला विचारलं, उठवलं का नाही. म्हणाली, दोनदा उठवलं, दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात की ही तक्त्यातली विश्रांतीची वेळ आहे. मला आठवत नाही.

गुण? दहा. पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. म्हणजे किती रमली आहे.

१२ मार्च, बुधवार.
वाया गेलेला दिवस. पाठीला चादरसुद्धा सहन होत नाही. तक्त्यातलं एकही काम झालं नाही. दिवसभर पालथा. ही तासातासाला कोरफडीचा लेप लावत होती आणि खुर्ची ओढून शेजारी बसली होती.

बसल्या बसल्या बोलत होती. त्या नव्या लॅबबद्दलच. पूर्वेला मोठी खिडकी आहे म्हणे. हाताखाली चौघं. प्रमुख म्हणून जमेल की नाही याची भीती वाटते, आणि भीती वाटते म्हणूनच कदाचित जावंसं वाटतं, असं काहीतरी. माझ्याकडे यावर चार मुद्दे तयार होते, पण मान वळवली की कातडी ओढली जायची. गप्प राहिलो. मग कॉलेजातली कुठलीशी गंमत सांगितली आणि स्वतःच खूप हसली. मग दोघांनाही झोप लागली.

संध्याकाळी गुण विचारले तर म्हणाली, थांबा, बघते. हॉटेलचं पेन घेतलं, तक्ता काढला, बराच वेळ विचार केला. आकडा सांगितला नाही. कमीच असणार. उद्या भरपाई करायला हवी.

१३ मार्च, गुरुवार.
आज वाइन. शर्ट सैल घातला. द्राक्षमळ्याची मालकीण सत्तरीची बाई, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. वाइनवरची माहितीपुस्तिका मी विमानातच पाठ केली होती. बाईंनी दोन बाटल्यांतून ओतली. एकाच मळ्यातली, एकाच वर्षाची. चव वेगळी! लगेच पकडली. बाईंना स्पष्ट सांगितलं, माल एकसारखा नाही. त्या म्हणाल्या, नसतोच. मी म्हणालो, आमच्याकडे याला रिजेक्ट म्हणतात.

त्यांनी हिच्याकडे वळून विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली. हिने सांगितलं. बाईंनी हिचा ग्लास काठोकाठ भरला. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. कशाला, ते कळलं नाही.

मी दोन पानी सूचना लिहून दिल्या. बाईंनी त्यावर ग्लास ठेवला.

परतताना बसमध्ये विषय निघाला नाही. मीही काढला नाही. गुण दहा. म्हणजे सगळं उत्तम चाललंय.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी.
आज पाचपर्यंत. पाच म्हणजे घरचे पाच. बघा, घड्याळ न बदलल्याचा फायदा. ही पोहायला गेली आहे. मी घड्याळाकडे बघत नाहीये.

घड्याळात २.१०.
ही पोहतेच आहे.

२.२५.
फोन टॉवेलखाली ठेवून गेली आहे. मी हात लावलेला नाही. टॉवेल फक्त सरळ केला.

३.४०.
पोहून आली. म्हणाली, खोलीतून माझं पुस्तक आणता का.

४.१५. खोलीत.
पुस्तकातून तक्ता खाली पडला. बेरीज करावी म्हणून उघडला.

रविवार दहा. सोमवार दहा. मंगळवार दहा. सगळे माझ्या पेनाच्या निळ्या शाईत, एका हाताने, एका दमात. गुरुवार दहा. शुक्रवार दहा. शनिवार दहा. शनिवार तर उद्या आहे.

पलंगावर बसलो. ही गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

फक्त बुधवारचा दहा खोडलाय. वर हॉटेलच्या काळ्या पेनाने लिहिलंय, सात. शेरा: आज ऐकून घेतलं.

४.५०. समुद्रावर.
पुस्तक दिलं. विचारलं, कळवलंस का. म्हणाली, कालच सकाळी. हो म्हणून.

मी म्हणालो, इथे येऊन ठरवणार होतीस ना. म्हणाली, जायचं हे निघण्याआधीच ठरलं होतं. तिथलं क्वार्टर एका खोलीचं मागायचं की दोन खोल्यांचं, एवढंच ठरायचं होतं. बुधवारपर्यंत एक होतं.

आणि आता?

म्हणाली, दोन खोल्यांचं मागितलंय. दुसरी खोली कुणाची, ते बघू.

मला रडू आलं. वाळू डोळ्यांत गेली असं सांगितलं. हिने रुमाल दिला. वारा अजिबात नव्हता.

१५ मार्च, शनिवार. विमानात.
मी म्हणालो, एकाआड एक शनिवारी येत जाईन. म्हणाली, या. पण तक्ता आणायचा नाही. मी विचारलं, मग दिवस कसा गेला हे मला कळणार कसं? म्हणाली, माझ्याकडे बघायचं.

विमान सुटल्यापासून बघतोय. नजर सरावाची आहे, पद्धतशीर वरून सुरुवात केली. कानापाशी केस पांढरे झालेत, बरेच. कपाळावर बारीक आडवी रेघ. चष्म्याची फ्रेम नवीन आहे, तपकिरी. छान दिसते हिला.

म्हणालो, छान आहे फ्रेम, इथे घेतलीस का?

म्हणाली, गेल्या जूनमध्ये.