बोटं दिसणारा कॅमेरा

कोल्हापूर,
११ फेब्रुवारी २००१

प्रिय आदिती,

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. उत्तराला एवढा उशीर मी करत नाही, तुला ठाऊक आहे. तुझ्या चंदनालाही ऐकू येत नाही हे वाचून मी रडले नाही. तुझ्या वेळी रडून झालंय, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. पण तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याचं उत्तर लगेच लिहिता येईना. ते मी शेवटीच देणार आहे. त्याआधी बातमी अशी की तुझ्या आईनं व्हिडिओ कॅमेरा घेतलाय. भिशीचे वीस हजार आले होते, त्यात बसवला.

तुझे तात्या म्हणाले, नातीचे फोटो काढायला साधा कॅमेरा आहे की घरात, हे खूळ कुठून आलं? मी त्यांना कारण सांगितलं नाही, पिशवी घेऊन चला म्हटलं. राजारामपुरीतल्या दुकानदारानं काउंटरवर तीन कॅमेरे मांडले आणि सगळ्यात महागाची आरती सुरू केली. "काकू, ह्यो डिजिटल. आवाज असा येतोय, पोरगं पलीकडच्या खोलीत रडलं तरी कॅसेटीत ऐकू येतंय की." मी म्हटलं, मला आवाज नको. त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तेच परत मोठ्यानं सांगितलं. मीही परत सांगितलं. तेव्हा तो तात्यांकडे बघून हसला. "आवाज नको तर आल्बम घ्या की, निम्म्यात काम हुतंय." मी त्याला टीव्हीचा आवाज बंद करायला लावला, ट्यूबलाइटखाली उभं केलं आणि एक ते दहा बोटं भराभर मोजून दाखवा म्हटलं. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. त्यांच्या देखत मोजली त्यानं, तीनदा, प्रत्येक कॅमेऱ्यासमोर एकदा.

सगळ्यात स्वस्त कॅमेऱ्यात हात हलला की पाच बोटांची एक पळी दिसायची. तो बाद. डिजिटलमध्ये बोटं स्वच्छ दिसली, खोटं कशाला सांगू. पण त्याची कॅसेट तुझ्या घरच्या व्हीसीआरमध्ये जात नाही. ती दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, नाहीतर कॅमेराच टीव्हीला जोडायचा. त्यासाठी तुला दर वेळी दिराची मनधरणी करावी लागली असती. तोही बाद. तिसरा जुन्या धाटणीचा, जड. त्याची छोटी कॅसेट एका मोठ्या खोक्यात बसवली की कुठल्याही व्हीसीआरमध्ये चालते. वर त्याचा छोटा पडदा पुढे फिरतो, म्हणजे समोर बसलेल्याला आपले हात चौकटीत आहेत की नाहीत ते दिसतं. दुकानदार म्हणाला, "ह्याला आता कोण इचारत न्हाय काकू, नुसती धूळ खात पडलाय." मी म्हटलं, पुसा. पावती करताना त्यानं परत विचारलं, तेव्हा सांगितलं की मुलगी जन्मापासून बहिरी आहे, तिच्यासाठी घेतेय. तो शंभर रुपये कमी लावतो म्हणाला. मी पूर्ण पैसे दिले.

आता हे सगळं सुरू कधी झालं ते सांगते. दिवाळीत तू पाच दिवस इथं होतीस. त्या पाच दिवसांत तू अकरा शब्द बोललीस. मी मोजले. पूर्वी तू अडखळत का होईना, बोलायचीस. या वेळी जेवताना आमच्या ओठांकडेसुद्धा बघत नव्हतीस. मग पाडव्याच्या आदल्या दिवशी लक्ष्मीपुरीत भाजी घेताना दीक्षा भेटली. शाळेत तुझ्या शेजारी बसायची तीच. आता ती तिथल्या छापखान्यात बाइंडिंग करते. तुम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलात आणि तुमचे हात सुरू झाले. मी मेथीची जुडी घेऊन पाऊण तास उभी होते. तू हसलीस, पोट धरून हसलीस. तुझं हसणं मी किती वर्षांनी बघत होते कोण जाणे, आणि कशाला हसलीस ते मला कळलं नाही. माझ्या पोटची पोर, आणि मला कोणीतरी अर्थ सांगायला हवा होता.

तू हुबळीला परत गेलीस त्याच आठवड्यात मी छापखान्यात गेले. दीक्षानं मला ओळखलं. का ओळखणार नाही? तुम्ही वर्गात हातांनी बोलता म्हणून बाईंना सांगून तुमचे बाक मीच वेगळे करवले होते. मी कागदावर लिहून दिलं, मला शिकव. तिनं ते वाचलं, पानं दुमडायचं काम हातावेगळं केलं आणि खाली लिहिलं, रविवारी चार वाजता, वही आणायची नाही. तेव्हापासून दर रविवारी जाते. भयंकर कडक आहे. चुकलं की माझ्या मनगटावर टिचकी मारते. तिचा नवराही बहिरा, इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला असतो. ती सांगते, शेडमधल्या खडखडाटात बाकीचे एकमेकांच्या कानात ओरडून घसा बसवून घेतात, आणि हा आणि त्याचा तसाच बहिरा जोडीदार दोन टोकांना उभे राहून दिवसभर गप्पा मारतात. हा विनोद तिनं मला हातांनी सांगितला आणि मला तो कळला. साठीला आलेली बाई छापखान्याच्या पायरीवर बसून हसत होती. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत.

आता जे आपण दोघी कधी बोललो नाही ते. तुझ्या शाळेनं मला सांगितलं होतं, हातवारे करू दिलेत तर मूल बोलायचं नाही. मी बी.एस्सी. झालेली, पण का म्हणून विचारलं नाही. घरी त्यांच्यापेक्षा कडक शाळा चालवली. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची आणि 'प' म्हटल्यावर ती हलते का बघायची. स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीच्या पाठीला तुझे हात ओढणीनं बांधायचे. पाणी म्हण, मग पाणी. त्या मे महिन्यातल्या दुपारी तू हनुवटीनं माठ दाखवत होतीस. मी तोंड फिरवून तांदूळ निवडत बसले. दोन तासांनी तू 'पा' म्हणालीस. मी गल्लीत पेढे वाटले. चार महिन्यांत तुझा 'पाणी' शब्द स्वच्छ झाला, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आणि एवढ्या कष्टानं तुला मराठी ओठ वाचायला शिकवून मी तुला हुबळीच्या कानडी घरात दिली. स्थळ चांगलं होतं, आपल्यातलं होतं, जिनेंद्रराव मराठी बोलतात एवढं बघितलं. ते दुकानात गेल्यावर बाकी घर कुठल्या भाषेत ओठ हलवणार, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. तिथं पाण्याला नीरू म्हणतात, आदिती.

तू लिहिलंस, "आई, तू माझे हात बांधलेस म्हणून मी बोलले. मीही चंदनाचे बांधीन, तुझ्याएवढी खंबीर होईन." हे माझं उत्तर. बांधू नकोस. मी खंबीर नव्हते, मी घाबरलेली होते, आणि माझं चुकलं. तिला शिकवणी लाव, ओठ वाचायला शिकव, कानडी शिकव, मराठी शिकव, पण हात मोकळे ठेवून. सासूबाई म्हणतील पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. त्यांना सांग, कोल्हापूरच्या अंजनाबाईंनी सांगितलंय, काही म्हणायचं असेल तर त्यांना म्हणा. जिनेंद्रराव मंगळवारी गूळ घ्यायला इथं येतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि पहिली कॅसेट पाठवते. त्यांनाही आधी बसवून दहा खुणा शिकवणार आहे, गूळ नंतर. कॅसेटमध्ये मी त्याच लाकडी खुर्चीवर बसलेय. तात्यांनी चित्रण केलंय, सुरुवातीला माझं डोकं कापलं गेलंय, पण हात पूर्ण आहेत. माझ्या पुष्कळ खुणा चुकल्या असतील. पुढच्या महिन्यात कॅमेरा घेऊन मीच येते, तेव्हा टिचक्या मार. तोवर चंदनाला मांडीवर घेऊन ही कॅसेट रोज लाव. पहिली खूण पाण्याची आहे. तिनं ती कशीही, वेडीवाकडी केली, तरी तिला पाणी दे. लगेच दे.

तुझीच, अजून बोटं अडखळणारी,
आई