तीन कोटेशनं आणि जिन्यातलं स्टूल

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कारण तसंच मोठं आहे. मी घर विकायचा निर्णय घेतला. बायको हेच गेली चार वर्षं म्हणते आहे, पण म्हणणं वेगळं आणि निर्णय वेगळा.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, बायकोचे गुडघे कुरकुरतात. बागेसमोर तळमजल्यावरचं एक घर तिने हेरून ठेवलंय. तिथल्या आजीबाई मुलाकडे राहायला जाणार आहेत. बायकोसाठी एप्रिलअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या, पुढे नाही. एप्रिलअखेर! मला पंधरा दिवस पुरे.

घर कागदोपत्री बायकोच्या नावावर आहे. कर्ज तिच्या पगारावर मिळत होतं म्हणून केलेली सोय, बाकी काही नाही. घर माझंच.

३ मार्च, रात्री.
पद्धत ठरली. आयुष्यभर परचेस डिपार्टमेंट सांभाळलं. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय टाचणी घेतली नाही. एकदा एका साहेबांनी टेबलाखाली ठेवायला कचऱ्याची टोपली मागितली होती. टोपली आली तेव्हा साहेब रिटायर झाले होते, पण टोपली काय भावात मिळाली होती! एजंटही तसाच निवडायचा. क्वालिफाइड.

६ मार्च, गुरुवार.
एजंटसाठी प्रश्नपत्रिका तयार. शंभर मार्क. विभाग अ: दूरदृष्टी. विभाग ब: माझ्या घराविषयी आदर. बायकोने चष्मा लावून वाचली आणि विचारलं, घर विकायचंय की एजंटला कॉलेजात घ्यायचंय. दुर्लक्ष केलं.

८ मार्च, शनिवार.
पहिला उमेदवार. पुरुष नव्हे, बाई निघाल्या. हातात हेल्मेट, पायात बूट. आल्या आल्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचं स्टूल कोणाचं म्हणून विचारलं. मी अभिमानाने सांगितलं की माझी कल्पना. बायकोला मधे बसता यावं म्हणून गेल्या वर्षीच ठेवलं. हेल्मेटबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

मी पहिला प्रश्न वाचेपर्यंत बाई घरभर फिरून आल्या. सगळे नळ सोडले. खिडक्या उघडून पाहिल्या. कॅलेंडर उचलून मागचा ओलीचा डाग पाहिला आणि परत ठेवलं. कोणाच्या घरात अशी कॅलेंडरं उचलतात का? मग म्हणाल्या, कागद दाखवा. गोपनीय आहेत असं सांगितलं. माझा आकडा ऐकून म्हणाल्या की एवढ्यात पलीकडच्या गल्लीत लिफ्टवालं घर मिळतं. शिवाय दारामागचं चपलांचं कपाट काढावं लागेल. ते कपाट मी स्वतः बनवलंय! त्यामुळे दार अर्धंच उघडतं, हा सुरक्षिततेचा भाग आहे. चोर आलाच तर त्याला आडवं होऊन यावं लागेल.

शेवटी उलट मलाच दोन प्रश्न. घरातले निर्णय कोण घेतं? मी, असं ताबडतोब सांगितलं. आणि लोक घर बघायला येतील तेव्हा साहेबांना बाहेर जाणं जमेल का?

अकरा मार्क दिले. त्यातले पाच वेळेवर आल्याचे.

बायको त्यांच्याशी दारात पाऊण तास बोलत होती. कार्ड फ्रिजवर लावलं. मी काढलं.

९ मार्च, रविवार.
कार्ड पुन्हा फ्रिजवर.

१२ मार्च, बुधवार.
दुसरा उमेदवार. टाय, टॅबलेट, अत्तराचा घमघमाट. फोनवर म्हणाला होता की सर, आपण घर विकत नाही, स्वप्न विकतो. दूरदृष्टीत पैकीच्या पैकी. पण स्वप्न दुसऱ्या मजल्यापर्यंतच चढलं. स्टुलावर बसून धापा टाकत त्याने तिथेच प्रेझेंटेशन दिलं. मी पायरीवर बसून पाहिलं. ड्रोनने शूटिंग, मागे पियानो, गच्चीवर सूर्यास्त. गच्ची आपल्या मालकीची नाही, असं बायको वरून म्हणाली.

कमिशन मात्र अव्वाच्या सव्वा. शेवटपर्यंत घर न बघताच गेला. ठीक आहे. कोटेशन क्रमांक दोन मिळालं.

१६ मार्च, रविवार.
युरेका!

तिसरा उमेदवार. ह्याला मी मनातल्या मनात डिस्काउंट म्हणतो. जिना चढून आला, एक शब्द तक्रार नाही. कपाटावरून हात फिरवला आणि म्हणाला की असं काम हल्ली बघायला मिळत नाही. आकडा सांगितला तर म्हणाला, साहेब, कमीच सांगताय, अजून वाढवा. मी वाढवला.

मग कमिशन. मी खास परचेसवाला चेहरा केला. निम्मं. तो म्हणाला बरं. चतुर्थांश. तो म्हणाला चालेल. मी गंमत म्हणून म्हटलं, शून्य. म्हणाला, साहेब, तुमच्यासाठी शून्य!

पूर्ण कारकिर्दीत मला एकही वस्तू शून्य रुपयात मिळाली नव्हती. डोळे भरून आले.

बायकोने विचारलं की मग तो माणूस जेवतो कशावर. तिला गुडविल समजावून सांगितलं. तिन्ही कोटेशनांचा तक्ता करून हॉलमध्ये लावला. कॅलेंडर काढून त्याच जागी, म्हणजे डागही झाकला.

२३ मार्च, रविवार.
घरात रीघ! सकाळपासून पाच कुटुंबं. डिस्काउंट प्रत्येकाला सांगतो की आधी वरचं बघून घ्या. याला म्हणतात मान. लोक येतात, आकडा विचारतात, एकमेकांकडे बघतात. डिस्काउंट मान डोलावतो, म्हणतो, आता चला खाली. मग ते पहिल्या मजल्यावर दातवाल्यांकडे जातात (निवृत्त डेंटिस्ट, घर आमच्याएवढंच) आणि तिथे तासभर रमतात. पाणीबिणी पीत असावेत. डेंटिस्टला पहिल्यापासून लोकांची तोंडं उघडी ठेवायची सवय.

माझी गिऱ्हाइकं खाली वेळ घालवतात, अशी मी डिस्काउंटकडे तक्रार केली. म्हणाला, साहेब, इमारतीचं वातावरण दाखवावं लागतं. प्रोफेशनल माणूस.

मी प्रत्येकाला सगळं घर फिरवून दाखवतो. कपाट, बटणांवर मी चिकटवलेल्या चिठ्ठ्या (पंखा १, पंखा २, हे दाबू नये), गिझरचा इतिहास. एका बाईंची ओढणी कपाटाच्या कडीत अडकली. तेवढ्या पाचच मिनिटांत त्यांनी कपाट किती जवळून पाहिलं!

३० मार्च, रविवार.
रीघ चालूच. आजीबाईंचा बायकोला फोन. त्यांच्या घरासाठी दुसरं कोणीतरी विचारतंय. बायको फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी उभी होती. मी सांगितलं की मार्केट तापलंय, ही चांगली खूण आहे. तिने गुडघ्याला मलम लावलं.

४ एप्रिल, शुक्रवार.
दातवाल्यांचं घर विकलं गेलं. अचानक! मला तर ते विकतायत हेही माहीत नव्हतं. घेणारे तेच, ओढणीवाले. म्हणजे आधी आमचं पाहिलं, जीव आमच्यावर जडला, पण ऐपत खालची. माणसाला शेवटी अंथरूण बघावं लागतं.

दातवाल्यांकडे मिठाई खायला गेलो तर शेजारी डिस्काउंट उभा, हातात बॉक्स. काय योगायोग! मला म्हणाला, साहेब, तुमच्या घराची फार मदत झाली. मी म्हटलं, त्यात काय एवढं.

८ एप्रिल, मंगळवार.
डिस्काउंटचा फोन लागत नाही. नेटवर्क.

११ एप्रिल, शुक्रवार.
नेटवर्क.

१३ एप्रिल, रविवार.
एकही माणूस आला नाही. जेवताना बायकोने शांतपणे समजावलं. दुकानदार आधी न परवडणारी साडी अंगावर टाकतो, मग घ्यायची ती दाखवतो, म्हणजे ती स्वस्त वाटते. कमिशन डिस्काउंटला दातवाल्यांकडून मिळत होतं. आपलं घर ही पहिली साडी.

म्हणजे भारी साडी आपलीच, असं मी म्हणालो. बायकोने ताटं गोळा केली. टेबलाला धरून उठली. ही टेबलाला धरायची सवय तिला नवीनच लागली आहे.

१५ एप्रिल, मंगळवार.
बायको भाजी आणायला गेली ती लवकर येईना. बघायला उतरलो तर दुसऱ्या मजल्यावर स्टुलावर बसलेली. उठताच येत नव्हतं म्हणाली. हाक का नाही मारलीस असं विचारलं. मारली होती म्हणाली. मी आत कोणाला तरी फोनवर निगोशिएशन शिकवत होतो.

पिशवी मी उचलली. तिला हाताला धरून वर आणताना मधे दोनदा थांबलो. ती म्हणाली, स्टूल चांगलंय हो तुमचं, पण मला स्टूल नको होतं.

वाईट वाटलं. खरंच वाटलं.

संकल्प: पहिल्या मजल्यावरही एक स्टूल ठेवायचं.

१६ एप्रिल, बुधवार.
संकल्प बायकोला सांगितला. तिने फ्रिजवरचं कार्ड काढलं आणि फोन लावला.

१८ एप्रिल, शुक्रवार.
हेल्मेटबाई हजर. माझ्याकडून बोलावणं नव्हतं, नोंद असावी. बायकोने तिच्या कपाटातून घराचे कागद काढून दिले. बाईंनी पान उलटून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, वा, एकच मालक, काही कटकट नाही. मी खोकलो. मला पाणी देण्यात आलं.

दुपारी दोन माणसं येऊन चपलांचं कपाट तोडून घेऊन गेली. चार हातोड्यांतच सुटलं. फेव्हिकॉल पूर्वीसारखा येत नाही. दार आता पूर्ण उघडतं, हॉल मोठा वाटतो. दृष्टिभ्रम.

बाईंनी तक्ता उतरवला, डागाची दुरुस्ती करून घेतली, आकडा खाली आणला. मी लेखी निषेध दिला. बायकोने तो रद्दीवर ठेवला. निदान वरच्या बाजूला ठेवला.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ९.
महत्त्वाची कामगिरी! बागेसमोरच्या घराचा परिसर दिवसभर राहून तपासायचा. आवाज, पाणी, कुत्री, सगळं. असलं काम माझ्याशिवाय कोणी करू शकत नाही, असं हेल्मेटबाईंनी सांगितलं. माणसाची पारख आहे त्यांना. मार्क अकरावरून चाळीस केले. बायकोने डबा दिला, छत्री दिली आणि संध्याकाळी सहाच्या आत येऊ नका म्हणाली. काळजी.

२० एप्रिल, संध्याकाळी ६.४०.
परिसर उत्तम. बागेच्या वॉचमनने दोनदा कोण हवंय म्हणून हटकलं. आजीबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि आत बोलावून चहा दिला. म्हणाल्या, तुमच्या मिसेस फार हुशार, घर त्यांच्यासाठीच राखलंय. मी त्यांना माझी तीन कोटेशनांची पद्धत सांगितली. त्यांना डुलकी लागली.

घरी आलो तर बायको पाय वर करून आरामात बसलेली. घर विकलं गेलं होतं. एक तरुण जोडपं आलं, जिने धावत चढलं, नळ सोडून पाहिले आणि हो म्हणालं.

त्यांना बटणांच्या चिठ्ठ्या कोणी समजावल्या, असं मी विचारलं. कोणीच नाही, असं बायको म्हणाली. तेच तर मी म्हणतो.

२७ एप्रिल, रविवार.
उद्या करार. नवं शाईचं पेन आणलं. वर्तमानपत्राच्या समासात सही गिरवली. शेवटची रेघ थोडी लांब ओढली तर जास्त मालकासारखी दिसते.

२८ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ.
रजिस्ट्रारच्या ऑफिसात कारकुनाने आवाज दिला, मालक कोण? मी उठलो. त्याने कागद पाहिला आणि मला बसायची खूण केली. बायको उठली. हळूहळू, खुर्चीचा हात धरून, पण उठली. एकेका पानावर तिची सही. तिची सही मी इतक्या वर्षांत नीट पाहिलीच नव्हती. शेवटची रेघ लांब आहे.

माझी कुठे, असं मी हळूच विचारलं. हेल्मेटबाई म्हणाल्या, साक्षीदार लागतात, या ना. साक्षीदार क्रमांक एक: समोरचा झेरॉक्सवाला. क्रमांक दोन: मी.

कारकुनाने मान वर न करता विचारलं, घर विकणाऱ्या बाईंना तुम्ही स्वतः ओळखता का?

एरवी कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे तीन मुद्दे तयार असतात. बायको मागे वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिलाही उत्तर ऐकायचं असावं. दुसऱ्या मजल्यावरून तिने मारलेली, मला ऐकू न आलेली हाक आठवली. झेरॉक्सवाल्याने या प्रश्नाला खाडकन हो म्हटलं होतं.

मी म्हणालो, ओळखतो. बहुतेक.

बहुतेक चालत नाही, कारकून म्हणाला. मग हो म्हणालो. पेनातून शाई उतरेना. बायकोने तिचं दिलं.

बाहेर पडताना ऑफिसच्या पायऱ्यांवर तिने माझा खांदा धरला. सगळ्या पायऱ्या तशीच उतरली. मला फार बरं वाटलं. खाली आल्यावरही हात काढायची घाई केली नाही.

हेल्मेटबाईंनी स्कूटर सुरू करता करता विचारलं, साहेब, जिन्यातलं ते स्टूल नव्या लोकांना ठेवायचं की तुम्ही नेणार?

मी म्हणालो, बायकोला विचारून सांगतो.