आवाज ऐकून मगच बसव

६ नोव्हेंबर, गुरुवार

जुनंच घे म्हणे! झगाम्बोकाकांची चिठ्ठी कालच्या बोटीनं आली. मी विचारलं होतं, रेडिओ स्टेशनच्या कॉम्प्युटरवर लिनक्सचं कोणतं व्हर्जन बसवू? गेल्या महिन्यात निघालेलं नवंकोरं, की दोन वर्षांपूर्वीचं, जे पाच वर्षं सांभाळायचं वचन देऊन काढलंय? उत्तर चार ओळींचं. "पोरी, जुनं. त्यातले दोष लोकांनी आधीच शोधून दुरुस्त केलेत. आपला कॉम्प्युटर म्हातारा आहे, त्याला त्याच्या वयाचा सोबती दे. माझ्याकडे पेनड्राईव्ह आहे, शोधतो आणि पुढच्या बुधवारच्या बोटीनं पाठवतो. आणि कोणतंही घेतलंस तरी आधी पेनड्राईव्हवरूनच चालवून बघ. आवाज ऐकून मगच बसव."

सोळा वर्षं त्यांनी हे स्टेशन सांभाळलं. वायर सोलायलासुद्धा मला त्यांनीच शिकवलं. आता निवृत्त होऊन तळ्याकाठच्या गावी राहतात, तिथे फोनही लागत नाही, तरी शिकवणं सुटत नाही! मी एकेचाळीस वर्षांची आहे. मला कळतं.

आत्ता कॉम्प्युटरवर जे आहे ते व्हायरसनं भरलंय. कुरकुरत का होईना, चालतंय. पण सोमवारी राजधानीतून पाहुणे येणार. त्यांना हे ध्यान दाखवू? बुधवारपर्यंत थांबायला वेळ कुणाला आहे!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शहरात, म्झुझूला जाऊन आले. पेट्रोल नाही, म्हणून मिनीबस नाहीत. जाताना सिमेंटच्या ट्रकवर, येताना कोबीच्या. अंग आंबलं. इंटरनेट कॅफेतली बाई म्हणाली, "दोन्ही उतरवून ने ना ताई, परत कधी येशील?" म्हटलं, एक पुरे. नवं घेतलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बसवलं! "पूर्ण डिस्क पुसायची का?" असं विचारलं त्यानं — हो म्हटलं. आधी चालवून वगैरे बघितलं नाही. काय सुरेख दिसतंय!

संध्याकाळी —

आवाज नाही. माईक नाही, गाणी नाहीत, काही नाही. सगळं त्या एका कॉम्प्युटरमधूनच जातं.

सहा वाजता आमच्याकडे चुलीपुढची भांडीसुद्धा गप्प होतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, माती कधी — ते ऐकल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. आज सहाला नुसती खरखर. स्टेशन सुरू झाल्यापासून असं झालं नव्हतं. मसोवोयासाहेब धावत आले, स्टेशन त्यांच्या हाताखाली आहे. "टिवोंगे, काय झालं गं?" दुपारी गडगडलं होतं खरं. माझ्या तोंडून निघून गेलं, "वीज पडली, साहेब." "आकाशापुढे कुणाचं चालतं!" म्हणाले आणि स्वतः माझ्यासाठी चहा करून आणला. मी तो प्यायले.

फाइलमध्ये निधनाच्या आठ सूचना तशाच पडल्यात. तिसरी न्याझगाम्बोंची. काकांची थोरली बहीण! आज दुपारी गेल्या. माती सोमवारी सकाळी. त्यांच्या गावाहून काकांचं गाव होडीनं तासाभरावर, पण आज वारा इतका की होडी सुटत नाही. त्यांच्या मुलानं फोनवर विनवलं, "मामा रोज सहाला रेडिओ लावतात. दोनदा वाचा, मावशी." बहिणीवर पहिली माती भावानं टाकायची असते आमच्यात. मी हो म्हटलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

नवं व्हर्जन आमचं साउंड कार्ड ओळखतच नाही. सगळं करून पाहिलं. मागे फिरावं तर जुनं मीच पुसून टाकलंय. म्झुझूकडे आज एकही ट्रक नाही.

दुपारी पुन्हा त्या मुलाचा फोन. वारा पडला, होडी पाठवली, तर काकांच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पहाटेच काठी घेऊन डोंगराच्या वाटेनं गेले. "कुठे गेले असतील, मावशी?"

माहीत नाही म्हटलं. डोंगराची वाट इथे, स्टेशनवर येते.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी माती झाली. दहा वाजेपर्यंत भावासाठी थांबले होते. मग मुलानंच टाकली.

पाहुणे आले. कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढला. "किती आधुनिक!"

चार वाजता बाहेर आले तर काका पायरीवर बसलेले. बूट हातात, पायांना फोड. दीड दिवस चालत आले, सत्तरीतला माणूस! "शनिवारी सहाला रेडिओ गप्प झाला. म्हटलं, पोरीनं नवं बसवलं." आणि हसले. खिशातून पेनड्राईव्ह काढला. पडद्याकडे एकदा बघितलं. "चालवून बघितलं नव्हतंस ना?" नाही म्हटलं.

बहिणीचं सांगायला तोंड उघडलं — आणि मिटलं. आधी बसवू दिलं. चाळीस मिनिटं! शेजारी उभी राहून त्यांना पाणी देत होते मी. लोकांच्या सूचना अडकल्यात, ते आधी, असं मनाला सांगत राहिले. खोटं आहे. कळल्यावर ते उठून जातील आणि माझा कॉम्प्युटर तसाच राहील, ही भीती होती. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला नाकारता येणार नाही.

आवाज आला. मग सांगितलं.

त्यांनी पेनड्राईव्ह काढला, त्याचं टोपण लावलं, खिशात ठेवला. सहाला आठही सूचना त्यांनीच वाचल्या. बहिणीची तिसरी होती, तिसरीच वाचली. फक्त "माती सोमवारी" होतं तिथे "माती झाली" म्हणाले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी कुठून तरी पेट्रोल मिळवलं आणि आम्हाला दुःखाच्या घरी नेलं. मी कमरेला चितेंजेचं कापड गुंडाळून बायकांत बसले. काका अंगणात, पुरुषांत. वडीलधारी मंडळी सोडेनात. "सख्खा भाऊ ना तू? परके आले, तू नाहीस! तुझ्या मातीला कोण यायचं, आँ?" मागून कुणीतरी म्हणालं, "बहिणीचं याला काही ठाऊक असेल, म्हणून तोंड लपवलं." त्या बोलण्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो: यानंच करणी करून बहिणीला मारलं. असा डाग माणूस मेला तरी जात नाही.

काका मान खाली घालून म्हणाले, "रेडिओवर वीज पडली होती. दुरुस्तीला गेलो होतो."

"वीज!" त्यातला एक म्हातारा हसला. "बरी पडली, नेमकी त्याच दिवशी!"

कुणाचाच विश्वास बसला नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ती थाप त्यांना साहेबांकडून कळली असणार. ती कुणाची, हे त्यांना पडदा बघूनच समजलं होतं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते.

मी बोलले असते तरी ते सुटले असते. पानात सिमा वाढला, मक्याच्या पिठाचा तो गोळा खाली बघून खाल्ला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बोट वेळेवर आली. आजच्या सहाच्या सूचना मी वाचणार आहे. साहेबांना सांगितलेलं नाही. शेवटची सूचना माझी, कागद लिहून झाला. पहिलं वाक्य — शनिवारी वीज पडली नव्हती.