कुडलच्या तुळईवरची हळद

प्रिय आई,

तुझी हळद पुसू की नको, एवढं विचारायला हे पत्र लिहायला बसले आहे. तू असतीस तर पत्र लिहायची वेळच आली नसती. "पुसून बघ, मग सांगते तुला" असं तू म्हणाली असतीस आणि विषय तिथंच संपला असता. पण आता तू रागावायलाही नाहीस. मग परवानगी कुणाकडं मागू?

थांब, पहिल्यापासून सांगते. नाहीतर म्हणशील, "शेंडा न बुडूक, काय सांगायलीस गं शुभे!"

तुला एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. तू गेल्यावर मी रविवारी लोकांना सोलापूर दाखवायला लागले. सकाळी भुईकोट किल्ला, मग सिद्धेश्वराचा तलाव आणि देऊळ, शेवटी चादरीचे माग. पुण्याची, हैदराबादची माणसं येतात, पण खरी गंमत आपल्याच गावच्या लोकांची. जन्म सोलापुरात गेला आणि किल्ल्यात पाऊल टाकलं नाही असे कितीतरी जण येतात. मी त्यांना तट दाखवते, बुरूज दाखवते, इतिहास सांगते. आणि सांगता सांगता पायरीवर तू बसलेली दिसतेस. किल्ल्याच्या भिंतीवर तळहात ठेवून तू काय म्हणायचीस? "हे रचणाऱ्याला त्याच्या बायकोनं भाकरी कुटं बसून वाढली असंल गं?" आई, बीएची तीन वर्षं मी इतिहास शिकले. हा प्रश्न कुणीच विचारला नाही!

सगळी ठिकाणं दाखवली, पण हत्तरसंग कुडलला मात्र मी कुणाला नेत नव्हते. लोक विचारायचे, "भीमा-सीनेच्या संगमावर कधी नेणार?" मी काहीतरी सांगून टाळायची. ती जागा आपल्या दोघींची होती ना.

काल शेवटी लोकांना घेऊन गेले. आणि कोण बरोबर आलं सांगू? अप्पा!

विश्वास नाही ना बसत? तू इतकी वर्षं मागं लागलीस तरी ते आले नाहीत. कारखान्याच्या सुट्टीदिवशी डोक्याला तेल थापून झोपायचं, हीच त्यांची यात्रा. तू गेल्यापासून तर ते दारापर्यंतही नीट जात नव्हते. खुर्ची, पंखा, तुझी शिलाईची पिशवी, आणि त्यांच्यात बसलेले अप्पा. परवा मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "अप्पा, कुडलला येता का?" मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेत, तुला माहीत आहेच. ते म्हणाले, "दगडं बघायला तितं कशाला जायाचं? माजा मुतखडा हाय की!" मी हसले. ते हसले नाहीत. तुझ्या पिशवीकडं बघत म्हणाले, "ती कुटं जायाची तुला घिऊन, ते तरी बगू."

गाडीनं मंद्रूप ओलांडलं आणि मी मागं वळून बघत राहिले. तुझं माहेर. उन्हाळ्यात आपण मंद्रूपला यायचो आणि एक दिवस तरी कुडल व्हायचंच. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. संगमावर पाय सोडून बसायचं. तू पाण्याकडं बोट करून म्हणायचीस, "बग, ही सीना, ती भीमा. आता सांग, हितनं फुडं कुनाचं पानी कंचं?" मला कधीच सांगता आलं नाही.

आणि मग ती तुळई. देवळाच्या सभामंडपातली, खांबांवर आडवी टाकलेली, जुन्या मराठीत ओळ कोरलेली. जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा तिथल्या कुणीतरी तुला त्याचा अर्थ सांगितला आणि तू तो तुझ्या पद्धतीनं घेतलास. जे अक्षर जिंकवतं ते देवाचंच असणार! दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढून हळदकुंकू वाहतोच की. मग ही तर दगडाची पाटी. तू मला खांद्यावर उचललंस, माझं बोट हळदीत बुडवलंस आणि म्हणालीस, "लाव. नीट लाव. ह्या अक्षरानं पास हुत्यात." पुढं प्रत्येक मोठ्या परीक्षेआधी तेच. दहावीला मी तुझ्या खांद्याच्या वर आले होते, तरी तू उचलायचीसच. "लई जड झालीस गं" म्हणत, पाय डगमगत.

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की हळदीनं, तेलानं जुन्या दगडाचं नुकसान होतं, अक्षरं बुजतात. एसटीत बसल्या बसल्या मी तुला ते समजावून सांगितलं होतं. आठवतं? सगळी गाडी ऐकत होती.

"मंजी तू पास झालीस ते नुसतं अभ्यासानं व्हय?"

"हो आई, अभ्यासानं."

"बरं. आन् अभ्यासाला बसायची बुद्दी कुनी दिली?"

पुढच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "बरुबर हाय की बाईचं!" मी खिडकीबाहेर बघत बसले आणि तू विजयी मुद्रेनं शेंगा सोलत बसलीस.

खरं सांगू, त्या भांडणाचं मला काही वाटत नाही. मला दुसरंच सलतं. तू वाचायला का शिकली नाहीस? मी किती वेळा पाटी घेऊन पुढ्यात बसले. "आ काढ, आई. आईचा आ." तू म्हणायचीस, "डोळं दुखत्यात. काजं करायचीत अजून." शाळेच्या गणवेशांची काजं आणि बटणं, घरभर निळ्या-पांढऱ्या कपड्यांचे ढीग! तू शिवलेली बटणं लावून सोलापूरच्या किती पोरी शाळेला गेल्या असतील, आणि तू एक अक्षर स्वतःसाठी ठेवलं नाहीस. तू गेलीस त्या सकाळीसुद्धा मांडीवर गणवेशच होता. सुई कापडात अर्धी, आणि तू भिंतीला मान टेकून बसलेली. मला वाटलं, डोळा लागला.

तर काल. सभामंडपात शिरले, सगळ्यांना तुळईखाली उभं केलं, बोलायला वर बघितलं. अक्षरांत हळद होती. ताजी, पिवळीजर्द. काही अक्षरं तर पार भरून गेलेली.

आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "अरेरे! कोण करतं हे? तुम्ही सांगत का नाही लोकांना?"

मी काय सांगणार? माझ्यासमोर एक बाई शाळेच्या गणवेशातल्या मुलीला कडेवर घेऊन उभी होती आणि मुलीच्या बोटाला हळद होती.

ती बाई तिथल्याच गावची, महादेवी नाव. मी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

ती म्हणाली, "सोलापूरची एक बाई आलती. बुटकी. पोरगी बीए झाली म्हनून समद्यांना पेढं वाटत हुती. आमच्या घरात पयली, पयली, असं धा डाव म्हनली असंल. ती सांगून गेली, पोरीला उचला, अक्षराला हळद लावा, पोरगी शिकती. तवापास्नं आमी समद्याच येतो परीक्षेआदी."

मला तूच वाटलीस. तरी म्हटलं, सोलापुरात बुटक्या बाया काय कमी आहेत? मग ती म्हणाली, "लई मायाळू. हिच्या झग्याचं बटन तुटल्यालं, तर पदरातली सुई काडून हितंच उबं राहून लावलं. बगा, अजून तेच हाय."

मी वाकून बघितलं. खाली दोऱ्याचे वेढे देऊन केलेली ती बटणाची मान, तुझ्याच हातची. कापड फाटेल, पण बटण निघणार नाही.

तू एकटी आली होतीस, आई! माझा निकाल लागल्यावर, मला न सांगता. मी बोलेन म्हणून लपवलंस? तुला उचलायला कोण होतं? की नुसतंच खालून हात जोडलेस?

अप्पा मागून विचारत होते, "काय म्हनती ती? काय म्हनती?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. मग एकदम ओरडले, "आईनं शिकवलंय यांना! आपल्या आईनं!" सगळा मंडप घुमला. शिक्षिकाबाई डोळे पुसायला लागल्या. अप्पा तिथंच खांबाला टेकून बसले. तू गेलीस त्या दिवशी ते रडले नव्हते. काल रडले. त्यांना ऐकू येत नाही ना, म्हणून आपण किती मोठ्यानं रडतोय हे त्यांना कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते उठले. महादेवीची मुलगी, भाग्या, अजून तशीच उभी होती, पिवळं बोट वर धरून. अप्पांनी तिचं बोट आपल्या धोतराला पुसलं. मग खाली बसून तिला खांद्यावर घेतलं आणि गुडघ्यावर हात देत उभे राहिले. मागावरचे ते खांदे, आई, अजून भक्कम आहेत.

"लावू नगंस," ते तिला म्हणाले. "वाच. काय लिवलंय?"

जुनं वळण तिला कसं कळणार? मी खालून एकेक अक्षर सांगत गेले, ती शोधत गेली. हळदीनं भरलेल्या अक्षराशी ती अडली. म्हणाली, "हे दिसंना." अप्पांना ऐकू गेलं नाही, पण ती थांबली हे त्यांना खांद्यावर कळलं.

"का गं थांबली?"

"हळद हाय तितं," महादेवी ओरडून म्हणाली.

मग अप्पा माझ्याकडं वळले. "शुभे, तुजी आई वाचता येत नवतं म्हनून हळद लावायची. तुला तर येतंय की."

एवढंच. परत येताना गाडीत ते गाढ झोपले. मी रात्रीपर्यंत तेच घोळवत राहिले.

म्हणजे पुसायची ना, आई? मला भीती हळदीची नाही. त्या तुळईवर तुझ्या हातचं काहीतरी उरलंय असं काल पहिल्यांदा वाटलं. घरातून तुझ्या वस्तू एकेक कमी होत गेल्या. साड्या मावशीनं नेल्या, सुया गंजल्या. आणि ध्यानीमनी नसताना भीमेच्या काठी तू भेटलीस, पिवळीधमक. तेही मीच पुसायचं?

पण मग मला उचलणारी तू आठवतेस. मी वर अक्षरं बघत होते, तेव्हा तुला काय दिसत होतं? माझ्या टाचा. इतक्या वर्षांत मान वर करून ती ओळ तू एकदा तरी नीट बघितलीस का? सगळं जिंकणं तू माझ्यावर सोडून दिलंस. हे बरोबर नाही केलंस, आई. थोडं स्वतःसाठी ठेवायचं होतंस.

म्हणून ठरवलं आहे. देवळाची देखभाल करणाऱ्यांना विचारून, ते सांगतील तशी, ती हळद मी काढून घेणार. रागावू नकोस. उचलणं मात्र मोडणार नाही. उद्या कुणी मला म्हणालं की ही कुठली प्रथा, पुस्तकात तर नाही, तर मी सांगेन, माझ्या आईनं घातलेली आहे.

आणि तुला शब्द देते. दरवर्षी परीक्षांच्या आधी मी कुडलला जाईन. बरोबर पाट्या असतील. हळदकुंकू पाटीला वाहायचं, तुझ्यासारखंच, मनापासून. मग पाटी आधी आईच्या हातात द्यायची, पोरीच्या नाही. ती ओळ आईनं खाली बसून काढायची, वाचायची, चुकली तर परत वाचायची. महादेवीला मी सांगून आले आहे. ती लाजून म्हणाली, "आता ह्या वयात व्हय?" अगदी तुझ्यासारखंच टाळत होती. यावेळी मी पाटी उचलून ठेवणार नाही.

उचलणारीनं आधी वाचायचं, आणि मगच पोरीला खांद्यावर घ्यायचं.

तू उचललेली,
शुभी