जमादारांचे हिरवे पडदे

बुधवार, २ जानेवारी १९४६

पडदे! आमच्या घराला पडदे हवेत म्हणे!

पाच वर्षं लढाईवर यांना पत्रं लिहिली. आता स्वारी जमादार होऊन पलटणीतून सुटून घरी आली, मग लिहायचं कुणाला? हात शिवशिवतो, म्हणून ही वही काढली.

घराला खिडक्या तीन. सगळ्यांत मोठी म्हणाल तर एक सूप आडवं धरलं की झाकते. पण जमादारसाहेब म्हणाले, "इटलीत घरोघर पडदं असत्यात." असतील. तिथली जमीन कुणी शेणाने सारवत नसेल!

शुक्रवार, ४ जानेवारी

उंब्रजहून कराडला गेलो, कापड आणायला. रेशनकार्ड पदरात बांधून. मी एक पिवळं कापड धरलं, वर बारीक लाल फुलं. आमच्या भिंती चुन्याच्या, खाली गेरूचा पट्टा – काय शोभलं असतं! यांनी ते दाराशी नेऊन उजेडाकडे धरलं. "पातळ हाय." दुसरं धरलं. "पातळ." सातवं कापड झाल्यावर दुकानदार म्हणाला, "जमादारसाहेब, पडदा शिवायचाय का तंबू?"

रिकाम्या हातांनी परत. मग यांनी ट्रंकेतून पलटणीतलं हिरवं कापड काढलं. इतकं जाड, की बैलाला झूल केली तर बैल रुसेल. अर्जुना शिंप्याच्या दोन सुया मोडल्या. तो म्हणाला, "वैनी, खिडकी वीतभर आन पडदा जमिनीपतुर? ह्यात लुगडं निघंल की!" मी पोट धरून हसले. हे हसले नाहीत. परत परत एवढंच – दोन्ही अंगांनी हातभर जास्त ठेव, फट राहता कामा नये.

साहेबी थाट अंगात भिनला की असं होतं.

रविवार, ६ जानेवारी

लागले एकदाचे!

पडद्याच्या कड्या बाजारात मिळेनात. मग गोठ्यातल्या घुंगुरमाळा सोडून त्यांच्या पितळी कड्या वेळूच्या काठीवर ओवल्या. घुंगरं तशीच राहिली. आता पडदा ओढला की छुमछुम वाजतं आणि गोठ्यातला म्हातारा बैल जत्रेला निघाल्यासारखा उठून उभा राहतो. सकाळपासून चार वेळा उठला बिचारा.

घरात भरदुपारी अंधार. तांदूळ निवडायला अंगणात बसावं लागलं. उरलेल्या तुकड्याचा आणखी एक पडदा यांनी माजघराच्या दाराला लावला. तो कशाला, कोण जाणे.

सोमवार, ७ जानेवारी

दारावरच्या पडद्याने घात केला!

दादासो भावजी (यांचे चुलत भाऊ) रोज सरळ सोप्यात येऊन चहा मागतात. आज उंबऱ्याबाहेरच थबकले. खाकरले. "वैनीसाब आत हायत न्हवं? मग आमी भाईरच बरं." मला कळेना. दुपारपर्यंत साऱ्या गावात झालं – जमादाराच्या घरात गोषा आला! देशमुखांच्या वाड्यात माजघराला पडदा, तसा आमच्यात. म्हणजे घरातल्या बाईला विहीर, शेत, बाजार सगळं बंद. परपुरुषाच्या नजरेला पडायचं नाही.

हे सोप्यात बसून सगळं ऐकत होते. एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत!

मंगळवार, ८ जानेवारी

सासूबाई खूश! आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. साठ वर्षं उन्हात खुरपण केलं, आणि आता म्हणतात, "मला बाई भाईरचा वारा सोसत न्हाई." परसाकडे जाताना एका बाजूने सालगडी धुळा आणि दुसऱ्या बाजूने मी, मध्ये घोंगडी ताणून धरलेली, आत आत्याबाई. धुळ्याने डोळे मिटून घेतले होते, म्हणून तो निवडुंगात गेला. पाठोपाठ घोंगडी. पाठोपाठ आत्याबाई!

बुधवार, ९ जानेवारी

पाणी यांनी भरलं. डोक्यावर घागर, चाल कवायतीची. पुरुष माणूस पाणवठ्यावर बघून बायका घागरी टाकून पळाल्या. आता गोषा गावभर झाला म्हणायचा.

शुक्रवार, ११ जानेवारी

भांडले. आज मनापासून भांडले.

उद्यापासून आमचं गुऱ्हाळ. हे नव्हते तेव्हा तो ऊस मी लावला, मी पाणी पाजलं, चिखलात मी उभी राहिले. आणि आता मोळ्या घाण्यात जाताना मी अंधारात तांदूळ निवडत बसू? म्हटलं, खिडक्यांचं राहू द्या, दारावरचा तेवढा काढा. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. बघितलं पण नाही माझ्याकडे. म्हटलं, गावाला तरी सांगा की आमच्यात गोषा नाही! "सांगून काय करायचंय."

रडले. दुःखाने नाही, संतापाने. एवढ्यासाठी का मी वाट बघितली यांची?

शनिवार, १२ जानेवारी, दुपारी, गाडीतून

जिंकले!

गोषा काय? बरं, पाळते गोषा! पहाटे हे ओढ्यावर गेले तसे मी घरातले सगळे पडदे उतरवले, खिडक्यांचेही, आणि धुळ्याकडून बैलगाडीला चहूबाजूंनी बांधून घेतले. आत मी. घुंगरं ऐकून बैल असे उधळले की पांदीतून गाडी उडतच आली. गुऱ्हाळावर सगळे उठून उभे! गुळव्याने गाडीला मुजरा केला. मी आतून ओरडले, चुलवाणात जाळ कमी कर, काहील उतू जाईल. तो गाडीच्या चाकाला म्हणाला, "व्हय सरकार."

उलट बरंच आहे. मला कुणी बघत नाही, मी सगळ्यांना बघते. आणि कधी नव्हे ते दिवसाउजेडी वही लिहिते आहे.

आत्ताच पलीकडच्या शेतात आप्पासोच्या नव्या विहिरीवर सुरुंग उडाले, एकामागून एक चार. बैल पुन्हा उधळले, धुळा मागे धावतोय, गाडीत मी आडवी! सगळं गुऱ्हाळ हसतंय. मीही. घरी गेले की यांना तिखटमीठ लावून सांगणार.

रविवार, १३ जानेवारी

काल घरी आले तेव्हा हे मोठ्या खिडकीपाशी उभे होते. घोंगडी दोन्ही हातांनी खिडकीवर दाबून धरलेली. पाठीवरचा सदरा घामाने चिंब. पहिला सुरुंग उडाला तेव्हापासून तसेच, असं आत्याबाई म्हणाल्या. मला बघून हळूच म्हणाले, "खाली बस. त्यास्नी दिसशील." कुणाला, ते मी विचारलं नाही.

पडदे होते तिथे पुन्हा लावले. मीच.

आज दादासो भावजी आले. उंबऱ्याबाहेरून विचारलं, लोक जमादाराला हसायला लागलेत, हा गोषा नक्की कुणाचा? मी पडद्याआडून सांगितलं – माझा. माझाच हट्ट हाय भावजी. त्यास्नी काय बोलू नगा.